फुटकी वीणा आणि मिरजेचे हात

शेंद्र्याच्या आमच्या भजनी मंडळाची वीणा फुटली ती सप्ताह आठ दिवसांवर आला असताना. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक. रात्र असो की दिवस, एकाच्या गळ्यातून निघाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात गेली पाहिजे. आणि इथे तर भिंतीवरून पडून तिच्या भोपळ्याला वीतभर चीर गेलेली! मंडळात दोन तट पडले. वडीलधारे म्हणाले, मिरजेला धाडा. तरुण म्हणाले, "मिरज काय उशाला आहे का? गावाशेजारी एवढे कारखाने उभे राहिले, लोखंड जोडणारी पोरं घराघरात आहेत, अन् आपल्याला एक भोपळा सांधता येत नाही होय?" मी वयाने वडीलधाऱ्यांतला, पण बोललो तरुणांच्या बाजूने. दोन नळ्यांतून निघणारा तो चिकट मसाला आणला, चीर बुजविली, दोरीने आवळून ठेवली. सप्ताह पार पडला. वीणा वाजली, पण वाजली म्हणजे तारा हलल्या, एवढेच. तिचा घुमारा गेला होता.

पुढे ती वीणा घोंगडीत गुंडाळून मी मिरजेला गेलो, आणि दुरुस्ती घरी करावी की कारागिराकडे न्यावी या आमच्या वादाचे मूळ किती जुने आहे, ते तिथे उमगले.

मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याची परंपरा १८५० च्या सुमाराची मानतात, आणि तिचे मूळ पुरुष म्हणून फरीदसाहेबांचे नाव घेतात. हे फरीदसाहेब काही गवयाच्या घरातले नव्हेत. ते शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी आणि धार देणाऱ्या जमातीतले. १८१८ साली पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, शिकलगारांचे काम आटत गेले. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने तर तलवार बाळगायलाही परवाना लागू लागला. हातात कसब आहे आणि घासायला पाते नाही, अशी ती अवस्था. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक मात्र गाण्याचे शौकीन. त्यांच्याकडे गवयांची, वादकांची ये-जा असे. वाद्ये उत्तरेकडची; बिघडली तर दुरुस्तीला धाडायची कुठे? परंपरा अशी सांगते की ती शिकलगारांच्या हाती आली. त्यांनी ती उघडली, जोडली, आणि जोडता जोडता नवी घडवू लागले.

म्हणजे पाहा, ज्यांना आपण आज पिढीजात कारागीर म्हणतो, त्यांचा मूळ पुरुष या विद्येत नवखाच होता! आमच्या तरुणांना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते खूष झाले. पण त्यातला दुसरा अर्धा भाग त्यांना तितकासा रुचला नाही. फरीदसाहेब नवखे होते खरे, पण त्यांची कानस नवखी नव्हती. तंबोऱ्याचा जीव त्याच्या घोडीत. घोडीची पाठ किंचित उतरती घासलेली असते, तार तिला पुसटशी चाटत जाते, आणि त्या चाटण्यातून जो भरून येणारा नाद उठतो तीच जवारी. तार वर्षानुवर्षे घासून घोडीवर खाचा पडतात, नाद बसतो, मग जवारी पुन्हा काढावी लागते. केसभर जास्त घासले गेले की तार झणझणते, कमी घासले की मुकी राहते. तलवारीच्या धारेवर नजर ठरलेल्या माणसालाच हे जमावे, यात नवल ते काय?

गाणाऱ्याने हत्याराला हातच लावू नये, असेही मात्र नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते वारले, आणि त्यांची कबर तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. वाद्यांची दुरुस्ती त्यांना स्वतःला उत्तम येत असे. पण त्यांचा कान कुणाकडे होता?

मिरजेच्या त्या कारागिराने माझी वीणा उलटी धरून बोटाने टकटक केली आणि विचारले, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "आम्हीच." तो हसला नाही, हे मला जास्त लागले. म्हणाला, "चाचा, चीर गेली हे काहीच नाही. सरसानं जोडली असती तर ऊब अन् ओल देऊन मी सोडवली असती, आतून कापडाची पट्टी मारली असती. तुमचा मसाला सुटत नाही. सोडवायला गेलो तर भोपळा सोबत येतो." सरस कातड्यापासून काढतात, ही गोष्ट परतल्यावर मी मंडळात काही सांगितली नाही. असो.

भोपळा नवा घालावा लागला. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतात. तेव्हा आमच्या वीणेला माहेरचेच अंग मिळाले म्हणायचे. दांडी जुनीच ठेवली. घोडी मात्र पाहून ठेवण्याजोगी: पूर्वी सांबरशिंगाची करीत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झाले, आता हाडाची वा कृत्रिम पदार्थाची करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

निघताना त्याने मला समोर बसवून तीन कामे शिकविली. तार तुटली तर नवी कशी चढवायची. खुंटी सरकू लागली तर तिला खडू कसा लावायचा. आणि तारेखालचा जीवेचा दोरा मागेपुढे करून नाद कसा उघडायचा. "एवढं घरी करा," तो म्हणाला, "रोज करा. त्यासाठी माझ्याकडे आलात तर मी पैसे घेणार नाही, रागावेन." घोडीवर कानस फिरवायचे मात्र त्याने शिकविले नाही, आणि मीही विचारले नाही.

जुना फुटका भोपळा मी मागून घेतला. आमचा मसाला त्यावर अजून तसाच घट्ट आहे. मंडळातल्या पोरांना दोरा सारायला शिकवतो तेव्हा तो शेजारी ठेवतो. सप्ताहाच्या आदल्या रात्री आता वीणेची जीवा तीच पोरं लावतात.