कंस संपला, पण कुठला?

मंडळी, आज एका छोट्या सवयीचा इतिहास बघू. प्रोग्रॅममधला लांबलचक ब्लॉक संपला, की बंद होणाऱ्या कंसापुढे बरेच जण टीप लिहितात : ‘इथे अमुक लूप संपला’. चार-पाच कंस एकाखाली एक बंद झाले, की कुठला कुणाचा हे कळत नाही, म्हणून ही सोय. पण ही टीप खरी आहे का, हे तपासायचं कोणी?

१९६० साली आलेल्या अल्गोल ६० मध्ये ही सोय भाषेतच होती. पीटर नाउर यांनी संपादित केलेल्या अहवालातला नियम असा : ‘एंड’ या शब्दानंतर अर्धविराम, दुसरा ‘एंड’ किंवा ‘एल्स’ येईपर्यंत जे काही लिहाल, ती टीप समजायची. छानच की! पण समजा, ‘एंड’नंतरचा अर्धविराम राहून गेला. मग पुढची आज्ञाच टिपेत जमा! नियमाप्रमाणे चूक काहीच नाही; ती आज्ञा फक्त चालत नाही.

पुढे दोन वाटा दिसतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली. तिथे ब्लॉक महिरपी कंसाने संपतो, आणि कंसाला नाव नसतं. टीप लिहायची तर आपली आपण. पुढे वरचा ‘व्हाइल’ बदलून कोणी ‘फॉर’ केला, तरी खालची टीप जुनंच सांगत राहते. कंपायलर टिपा वाचतच नाही ना!

दुसरी वाट अमेरिकी संरक्षण खात्यासाठी बनलेल्या एडाची, प्रमाणित झाली १९८३ मध्ये. तिथे ‘एंड इफ’, ‘एंड लूप’ असं लिहावंच लागतं. उपप्रोग्रॅमच्या ‘एंड’पुढे त्याचं नावही देता येतं, आणि नाव चुकलं तर कंपायलर अडवतो. म्हणजे टिपेचं काम व्याकरणाकडे गेलं.

एडिटरही मदतीला आले. बिल जॉय यांच्या व्हीआय एडिटरमध्ये कंसावर उभं राहून टक्क्याचं चिन्ह दाबलं, की थेट जोडीदार कंसावर उडी. आता रस्ट-ॲनालायझरसारखी साधनं मोठ्या ब्लॉकच्या बंद कंसापुढे त्याचं नाव फिकट अक्षरांत दाखवतात. ते फाइलमध्ये नसतंच, कोडवरून काढलेलं असतं. म्हणून शिळं होत नाही. पण तीच फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली, की ती खूण गायब.

तेव्हा घरी गेल्यावर आपली एखादी जुनी फाइल उघडा. शेवटची टीप वाचा, आणि तिचा सुरुवातीचा कंस शोधून बघा. दोघांचं एकमत आहे ना?