वऱ्हाडच्या आखाड्यातील वार आणि बचाव

यवतमाळहून नागपूरच्या वाटेला लागल्यावर चक्रावती नदीच्या काठी जे कळंब गाव लागते, ते आज मुख्यत्वे जमिनीच्या पातळीखाली असलेल्या गाभाऱ्यातील चिंतामणी गणेशासाठी विख्यात आहे. परंतु ज्या काळी वऱ्हाड हा मोगल पादशाहीचा एक सुभा होता, त्या काळी हे गाव एका सरकारचे ठाणे होते, आसपासच्या परगण्यांची जमाबंदी त्याच्या नावाने लिहिली जात होती, आणि अकबराच्या दरबारातील थोर विद्वान अबुल फजल याने ‘आईन-इ-अकबरी’त त्याची गणना प्राचीन व महत्त्वाच्या नगरांत केली होती. त्या नोंदीत कळंबविषयी दोन गोष्टी आवर्जून सांगितलेल्या आहेत : एक, येथील म्हशी नामांकित आहेत, आणि दुसरी, या सरकारच्या शेजारी चांद्याचा गोंड जमीनदार बाबजी राहत असून त्याच्या हुकमतीखाली ४०,००० पायदळ आहे. पहिली नोंद मुलखाच्या सुबत्तेची साक्ष देते. दुसरी त्या सुबत्तेचे रक्षण कोणाच्या बाहूंवर अवलंबून होते, हे सुचविते. चाळीस हजारांचे पायदळ हे काही बारमाही पगारी सैन्य असू शकत नाही. नांगर सोडून भाला उचलणारा आणि मोहीम संपताच पुन्हा नांगराकडे वळणारा रानावनातला व शेताबांधावरचा माणूसच त्यात असला पाहिजे. अशा मुलखात शस्त्राचा अभ्यास हा शिपाईपेशाचा खास हक्क न राहता गावगाड्याच्या जीवनक्रमाचा एक भाग होतो, आणि त्या अभ्यासाचा मागोवा घेणे म्हणजे एका अर्थी त्या गावगाड्याचाच इतिहास चाळणे होय.

मोगल अंमल ढिला पडल्यावर वऱ्हाडाच्या वाट्याला जी दोअमली आली, तिने तर हा अभ्यास अपरिहार्य केला. एकीकडे निजामाचे अमलदार, दुसरीकडे नागपूरकर भोसल्यांचे कमावीसदार, दोघांचाही वसुलावर हक्क आणि दोघांच्याही शिबंदीचा ताण रयतेवर, अशा अवस्थेत सुमारे पाऊणशे वर्षे काढल्यावर १८०३ साली देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला, आणि कळंबही त्याबरोबर निजामाच्या एकट्याच्या अमलात आले. त्याने स्वास्थ्य आले असे नाही. पेंढाऱ्यांच्या धाडी चालूच होत्या. आणि १८१८ च्या एप्रिलमध्ये तर याच जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या परिसरात, दुसऱ्या बाजीरावाच्या पळत्या फौजेला कर्नल आदम्सने गाठून तिची दाणादाण उडविली. ज्या काळात सरकारची मदत पोहोचेपर्यंत गावाची राखरांगोळी होत असे, त्या काळात वेशीवरचा जागल्या, पाटलाच्या वाड्यावरचे नोकर, देशमुखाच्या पदरचे शिपाई आणि गावातले धट्टेकट्टे तरुण यांना काठी, भाला व पट्टा चालविता येणे ही चैन नव्हती, ती गरज होती. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, आणि ही गरज हळूहळू ओसरली. पण गरज ओसरल्यानंतरही विद्या टिकली, आणि ती का व कशी टिकली हाच खरा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आमच्या जुन्या शस्त्रविद्येत वाराला जितके महत्त्व आहे, त्याहून अधिक महत्त्व वार चुकविण्याला आणि अडविण्याला आहे, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वस्तादाकडे नवा मुलगा आला की त्याच्या हाती काठी देण्यापूर्वी त्याचे पाय पाहिले जातात. कोणता पाय पुढे, शरीराचा भार कोणत्या पायावर, वळताना टाच किती उचलायची आणि मागे सरताना नजर कुठे ठेवायची, या सर्वांचा मिळून जो पवित्रा होतो, तो घटवून घेतल्यावाचून पुढचा पाठ मिळत नाही. शिर, तमाचा, बाहेरा, कमर असे वार शिकविताना प्रत्येक वाराबरोबर त्याचा बचावही शिकविला जातो : डोक्यावर येणारा घाव काठी आडवी धरून नुसता झेलला तर हात झिणझिणतात आणि दुसरा घाव येईपर्यंत ते सावरत नाहीत, म्हणून काठी किंचित तिरपी धरून तो घाव घसरून जाऊ द्यावा, त्याच क्षणी पाऊल बाजूला टाकावे, आणि प्रतिपक्षाची काठी खाली जात असताना आपला वार सुरू झालेला असावा. उत्तम अभ्यासकाच्या ठायी बचाव आणि वार या दोन क्रिया राहतच नाहीत; त्यांची एकच अखंड गती होते. प्रतापगडच्या पायथ्याशी १६५९ साली अफजलखानाचा अंगरक्षक सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर तुटून पडला असता जिवा महालाने त्याचा उगारलेला हातच छाटला. त्या एका क्षणात रक्षण कोणते आणि आघात कोणता, हे कोणाला वेगळे करून दाखविता येईल?

परंतु ही गती एकट्याने काठी फिरवून येत नाही. तिच्यासाठी समोर खरा माणूस हवा, त्याने खरा वार करावयास हवा, आणि तरीही संध्याकाळी दोघांनी धडधाकट घरी जावयास हवे. या तिन्ही अटी एकत्र पाळण्यासाठी आमच्या पूर्वजांनी जी साधने निर्माण केली, ती त्यांच्या व्यवहारबुद्धीची मोठी साक्ष आहे. तलवारीच्या ऐवजी चामड्याने मढविलेला गदका आणि ढालीच्या ऐवजी हाताएवढी लहान फरी घेऊन दोघे समोरासमोर उभे राहिले, की मार लागतो, वळही उठतो, पण अंग तुटत नाही. आणि फरी लहान असल्यामुळे तिच्या आड लपून राहण्याची सोय नसते, तिला वाराच्या दिशेने नेमकी पुढे न्यावीच लागते. भाल्याच्या ऐवजी बोथाटी. तिच्या टोकाला पात्याच्या जागी कापडाचा गोळा, तो रंगात बुडविलेला, म्हणजे कोणाची फेक अंगाला लागली याविषयी वाद उरत नाही. दांडपट्ट्याचे पाते मात्र लांब, लवचीक आणि दुधारी, मूठ कोपरापर्यंत चढणाऱ्या खोबळ्याची; मनगट मोकळे नसल्यामुळे तो साऱ्या खांद्याने आणि कमरेने फिरवावा लागतो, आणि म्हणूनच त्याचा सराव माणसाऐवजी लिंबावर, नारळावर होतो, जमिनीवर निजलेल्या सोबत्याच्या पोटावर ठेवलेले लिंबू त्याच्या त्वचेला ओरखडा न उठता दुभंगेपर्यंत होतो. बनेठीच्या दोन्ही टोकांना पेटते बोळे बांधून ती चहूबाजूंनी फिरवायची, यात मर्म एकच, की एका माणसाने अनेकांच्या गराड्यात आपल्याभोवती मोकळी जागा राखावी.

या साऱ्या शस्त्राभ्यासाच्या मुळाशी कुस्ती आणि मल्लखांब. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचविलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या श्रेणी, त्यांचा आहार आणि त्यांचा व्यायाम यांचे सविस्तर वर्णन आहे, मल्लस्तंभाचाही निर्देश आहे, पुढे पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्या विद्येला नवे चैतन्य दिले. हे बाळंभटदादा दुसऱ्या बाजीरावाचे व्यायामगुरू होते. ज्या पेशव्याची फौज पांढरकवड्याजवळ विखुरली, त्याच्या दौलतीतले तोफा, हत्ती, जामदारखाना हे सारे गेले, आणि लाकडाच्या एका खांबाभोवती गुंफलेली विद्या मात्र शिष्यपरंपरेने गावोगाव पोहोचली. इतिहासात काय टिकते आणि काय नाश पावते, याचा हा मोठा उद्बोधक दाखला आहे.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला, आणि पट्टा, भाला, तलवार ही एक तर सरकारजमा झाली किंवा दसऱ्याच्या पूजेपुरती देव्हाऱ्यात गेली. याच्या दोनच वर्षे आधी, १८७६ मध्ये, जपानच्या नव्या सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावण्याची मनाई केली होती. दोन दूरच्या देशांत जवळजवळ एकाच वेळी एकच प्रश्न उभा राहिला : शस्त्र हातातून गेल्यावर शस्त्रविद्येचे काय करायचे? आमच्याकडे त्याचे उत्तर आखाड्यांनी दिले. काठीला परवाना लागत नव्हता, गदक्यालाही नव्हता. आणि पूर्वी जी केवळ सरावाची उपकरणे होती, तीच आता विद्येचे सर्वस्व झाली. नागपंचमीच्या कुस्त्या, मोहरमच्या ताबुतांपुढे आणि पुढे सार्वजनिक गणपतीच्या मिरवणुकीपुढे चालणारे आखाड्यांचे खेळ, हे त्या विद्येचे वार्षिक दर्शन झाले. वऱ्हाडात मोहरमच्या मिरवणुकीत हिंदू तरुण आणि मुसलमान वस्ताद एकाच रिंगणात उतरत, याचे नवल कोणाला वाटत नसे. आखाड्यात वस्ताद आणि खलिफा हे शब्द जसे सर्वांचे होते, तशीच विद्याही सर्वांची होती. बडोद्यात जुम्मादादांच्या आखाड्याचा वारसा त्यांचे शिष्य माणिकराव यांनी चालविला आणि जुम्मादादा व्यायाममंदिर या नावाने तो अजरामर केला, ही गोष्ट याच परंपरेतली आहे.

वऱ्हाडापुरते पाहिले तर या विद्येच्या इतिहासातले सर्वांत मोठे वर्ष १९१४ हे होय. त्या वर्षी अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान आखाड्याचा पाया घातला, आणि त्यातूनच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. त्यापूर्वी विद्या वस्तादाच्या मर्जीवर होती; एखादा डाव तो आपल्या लाडक्या शिष्यालाच सांगे, आणि कित्येकदा तो डाव त्याच्याबरोबर चितेवर जाई. मंडळाने तिला अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिल्या, प्रमाणपत्र दिले. मंडळाच्या उन्हाळी वर्गांना दूरदूरच्या प्रांतांतून तरुण येत आणि शिकलेले परत आपल्या गावी नेऊन पेरीत. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू हेही मंडळाच्या आखाड्यात तालीम घेतलेले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक समारंभाच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामांची व खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच वर्षापासून बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत प्रसिद्ध होऊ लागला, आणि लाठी, फरी-गदका, बोथाटी, दांडपट्टा, जंबिया यांचे हात प्रथमच पद्धतशीरपणे छापील पानावर आले. ज्यांनी हे कार्य केले त्यांचे ऋण महाराष्ट्राने विसरू नये. त्यांनी हात आखडता घेतला असता तर आज ज्याविषयी लिहावे असे फारसे काही उरलेच नसते.

तथापि विद्या वर्गात आली की तिच्यात एक बदल अटळपणे होतो. पाचशे मुलांना एका वेळी शिकवायचे म्हणजे हुकूम हवेत, आकडे हवेत, रांगा हव्यात. एक म्हणताच पाचशे काठ्या वर, दोन म्हणताच पाचशे काठ्या खाली. यातून शिस्त येते, सांघिक वृत्ती येते, पाहणाऱ्याचे मन उल्हसित होते. परंतु समोरून वारच येत नसल्यामुळे बचाव हा केवळ एक आकार उरतो. जपानने या ठिकाणी निराळी वाट धरली. तेथे अठराव्या शतकापासून बांबूची तलवार आणि अंगावरचे संरक्षक कवच घेऊन मोकळेपणाने लढण्याचा सराव रूढ झाला होता, आणि तलवारबंदीनंतर केंडो या नावाने तोच पुढे आला. १८८२ साली जिगोरो कानो यांनी तोक्यो येथे कोदोकान स्थापन करून जुजुत्सूतून ज्युदो घडविला, तेव्हा ठरीव हातांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांहून अधिक, त्यांनी भर दिला तो प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबरच्या मुक्त सरावावर. आमची कुस्ती याच कारणाने आजही जिवंत आहे. मातीत उतरणाऱ्याला समोरचा मल्ल काय करील हे ठाऊक नसते. फरी-गदक्याची मात्र ती स्थिती राहिली नाही. ज्या उपकरणात केंडोच्या तोडीची सारी सामग्री होती, ते आज बहुधा मिरवणुकीच्या पुढे, ढोलाच्या ठेक्यावर, आधी ठरलेल्या क्रमाने चालते.

२०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मर्दानी खेळांची पथके कोल्हापुरापासून विदर्भापर्यंत नव्या उमेदीने उभी राहत आहेत आणि त्यांत मुलीही मोठ्या संख्येने येत आहेत, ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. परंतु सन्मानाने विद्या वाचत नाही, ती सरावाने वाचते. आणि सराव म्हणजे जोडीचा सराव. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी यासाठी मोठी इमारत नको, अनुदानाची वाट पाहणेही नको : सारवलेली जागा, चार गदके, चार फऱ्या, दोन बोथाट्या, आणि पायांकडे आधी पाहणारा एक जाणता वस्ताद एवढे पुरे आहे. तेथे येणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी मिरवणुकीत उतरवू नये. त्याला मार खाऊ द्यावा, मार चुकवू द्यावा, आणि आपल्याला मारणाऱ्या सोबत्याला सराव संपताच मिठी मारू द्यावी. या शेवटच्या गोष्टीत शस्त्रविद्येचा सारा नैतिक आशय सामावलेला आहे, कारण ज्याने रोज सायंकाळी घाव सोसले आणि आवरले, त्याच्या हातून घाव घालण्याची घाई सहसा होत नाही. एके काळी या मुलखाचे रक्षण करणारे पायदळ शेतकऱ्यांतून उभे राहिले. आजच्या तरुणाला फौजेची गरज नाही, पण निर्भयता आणि संयम यांची गरज त्याला आहे, आणि ही दोन्ही एकाच रिंगणात शिकविणारी पाठशाळा आपल्या घरची आहे. तिच्या रिंगणात पुन्हा जोड लावणे, एवढेच आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.