निबंधमालाकारांचे रत्नागिरी पर्व

रत्नागिरीचे नाव काढले की लोकमान्य टिळकांचे जन्मघर आठवते, ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आठवतो, १९२४ नंतरची सावरकरांची स्थानबद्धता आठवते. घाटाखालचे, समुद्राकाठचे हे दूरचे गाव ब्रिटिश सरकारला गैरसोयीच्या माणसांसाठी सोयीचे वाटत असे. थिबा राजा येथे येण्याच्या काही वर्षे आधी पुण्याहून एक तरुण शिक्षक येथल्या सरकारी हायस्कुलात बदलून आला होता. त्याला कोणी कैदी म्हटले नाही. झाली ती केवळ बदली. परंतु तिच्यामागे त्याच्या लेखनाविषयीची नाराजी होती, असे पूर्वीपासून मानले जाते. हा शिक्षक म्हणजे निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर.

विष्णुशास्त्र्यांचा जन्म पुण्यात २० मे १८५० रोजी झाला. वडील कृष्णशास्त्री हे संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही विद्यांत पारंगत आणि मराठी गद्याच्या आद्य शिल्पकारांपैकी एक. त्यामुळे घरातच ग्रंथांचा सहवास लाभला. १८७२ साली बी. ए. होऊन विष्णुशास्त्री शिक्षक झाले आणि जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' हे मासिक सुरू केले. त्याचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या त्यांच्या लेखणीतून उतरला. मराठी भाषेची तत्कालीन स्थिती, भाषांतर, लेखनशुद्धी, इतिहास, वाचन, वक्तृत्व, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता, डॉक्टर जॉन्सनचे चरित्र अशी त्यांच्या विषयांची व्याप्ती होती. कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी या पाच संस्कृत कवींवरील त्यांचे विवेचनही मराठी समीक्षेच्या आरंभकाळातील महत्त्वाचे कार्य ठरले. ग्रंथाची केवळ स्तुती किंवा निंदा न करता त्याचे गुणदोष कारणांसह मांडावेत, ही शिस्त त्यांनी मराठी वाचकाला लावली.

पगार सरकारचा आणि लेखणी स्वतःची, हा मेळ फार काळ टिकणारा नव्हता. रत्नागिरीला रेल्वे नव्हती. आगगाडी येथे पोहोचली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, कोकण रेल्वेमुळे. विष्णुशास्त्र्यांच्या काळी पुण्याचा छापखाना, मित्रमंडळी आणि ग्रंथसंग्रह यांपासून दूर जाणे म्हणजे लेखकाच्या हातापायांतील बळ काढून घेण्यासारखेच होते. त्याच सुमारास, १८७८ साली, कृष्णशास्त्री निवर्तले. घरच्या जबाबदारीचा विचार करता सरकारी चाकरी घट्ट धरून ठेवणे हेच शहाणपणाचे दिसले असते. विष्णुशास्त्र्यांनी १८७९ मध्ये तिचा राजीनामा दिला.

त्यानंतर त्यांना आयुष्य लाभले ते अवघे तीन वर्षांच्या आत-बाहेरचे. जानेवारी १८८० मध्ये टिळक आणि नामजोशी यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी 'केसरी' आणि 'मराठा' ही वृत्तपत्रे निघाली. १७ मार्च १८८२ रोजी, वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांचे निधन झाले. 'माले'तील 'आमच्या देशाची स्थिति' हा त्यांचा शेवटचा प्रदीर्घ निबंध पुढे सरकारने जप्त केला. त्यावरील बंदी उठली ती १९३७ साली.

आपल्या वाचकांच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. विष्णुशास्त्र्यांनी मिशनऱ्यांवर प्रखर टीका केली. महात्मा फुले यांच्या लेखनाची त्यांनी 'माले'त जी संभावना केली, तीत उपहास अधिक आणि समजून घेण्याची इच्छा अल्प होती. फुल्यांचे शिक्षण स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. 'गुलामगिरी'त १८७३ साली त्यांनी मांडलेले दुःख व्याकरणाच्या चुका काढून पुसले जाणारे नव्हते. जी न्यायबुद्धी विष्णुशास्त्र्यांनी मोरोपंतांच्या बाबतीत दाखविली, ती त्यांनी आपल्याच शहरातील या समकालीनाच्या बाबतीत दाखविली नाही. हा दोष लहान नाही आणि तो झाकण्याचे कारणही नाही.

तरीही या लेखकाला परका मानून बाजूला सारणे उचित ठरणार नाही, कारण त्याची स्वतःची वाचनवृत्ती त्याच्या मतांपेक्षा विशाल होती. ज्या डॉक्टर जॉन्सनवर त्यांनी इतक्या आत्मीयतेने लिहिले, तो श्रद्धावान ख्रिस्ती होता. जॉन्सनची 'रासेलस' ही १७५९ ची कथा चिपळूणकर पितापुत्रांनी मराठीत आणली. या कथेचा नायक ॲबिसिनियाचा राजपुत्र आहे. जॉन्सनची या देशाशी ओळख झाली ती जेरोनिमो लोबो या पोर्तुगीज येशूसंघीय धर्मगुरूच्या प्रवासवर्णनातून. त्याचा जॉन्सनने केलेला इंग्रजी अनुवाद १७३५ साली प्रसिद्ध झाला होता. हेच फादर लोबो १६२२ मध्ये गोव्यात उतरले होते आणि तेथूनच पुढे ॲबिसिनियाला गेले. गोव्यातून गेलेल्या एका मिशनऱ्याच्या अनुभवाचा धागा लंडनमार्गे फिरून पुण्याच्या शास्त्र्यांच्या घरी आला, तो असा.

दुसरा एक योग मात्र जुळला नाही. मराठीच्या थोरवीचे गुणगान फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त १६१६ सालीच केले होते. परंतु सतराव्या शतकातील आवृत्त्यांनंतर हा ग्रंथ पुन्हा छापून आला तो १९०७ मध्ये, मंगळूरला, जोसेफ साल्डाना यांच्या परिश्रमाने. तोवर विष्णुशास्त्र्यांना जाऊन पंचवीस वर्षे लोटली होती. मराठीचा हा कडवा अभिमानी त्या परदेशी धर्मगुरूच्या ओव्या वाचून काय म्हणाला असता, याची कल्पनाच करावी लागते. आपल्या भाषेची इतकी मनःपूर्वक सेवा एका मिशनऱ्याने केली आहे, हे पाहून त्याची लेखणी क्षणभर तरी थबकली असती, असे मानण्यास जागा आहे.

आपल्यावर टीका करणाऱ्याचे ग्रंथ वाचणे ही समाजाच्या प्रौढतेची खूण आहे. आपल्या धर्मग्रामांच्या ग्रंथालयांत 'ख्रिस्तपुराण' असावे, फुल्यांचे समग्र वाङ्मय असावे आणि त्यांच्या शेजारी 'निबंधमाला'ही असावी. आपली मुले मराठीत निबंध लिहू लागली की त्यांना विष्णुशास्त्र्यांचे वाचनावरचे आणि लेखनशुद्धीवरचे निबंध जरूर वाचायला द्यावेत. मग फुल्यांवरची त्यांची टीका आणि 'गुलामगिरी' ही दोन्ही त्यांच्यापुढे ठेवावीत, आणि निवाडा त्यांनाच करू द्यावा.