मोन्तोने येथील सूर्यघड्याळ

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोन्तोने नावाचे तटबंदीचे लहानसे डोंगरी गाव आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी गाजलेला ब्राच्चो दा मोन्तोने हा भाडोत्री सेनानी या गावाचा मानबिंदू. मोल घेऊन लढणे हा त्या काळी इटलीत प्रतिष्ठेचा व्यवसाय होता. याच गावात २०२३ साली एक सूर्यघड्याळ उभारले गेले. त्यावर आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा आशयाचे लॅटिन वचन आहे आणि नाव आहे नाईक यशवंत घाडगे यांचे.

घाडगे कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे, पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत ते नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यातील एका चढाईत मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील सारे जवान ठार किंवा जखमी झाले. एकटे उरलेले घाडगे त्या ठाण्यावर चालून गेले, हातबॉम्बने तोफ निकामी केली, एकास गोळी घातली आणि काडतुसांची पेटी बदलण्यास उसंत नसल्याने बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्याने ठार केले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते तेथेच पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र सापडला नाही; कासिनोच्या स्मारकावर, ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चार हजारांहून अधिक सैनिकांत, त्यांचे नाव कोरलेले आहे.

आम्हांस येथे थांबावेसे वाटते. वरील वृत्तान्त आपल्यापर्यंत पोचतो तो इंग्रजी प्रशस्तिलेखातून. प्रशस्तिलेख हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच आहे. त्यात क्रियापदे भरपूर आणि मन जवळजवळ नाही. घाडग्यांनी बंदूक कशी धरली हे तो सांगतो. धरणारा कोणत्या भाषेत विचार करीत होता याच्याशी त्याला कर्तव्य नसते. सैनिकांच्या पत्रांची कथा याहून वेगळी नाही. त्या युद्धात हिंदी जवानांची घरी जाणारी पत्रे सेन्सॉरचे अधिकारी वाचीत आणि त्यांतील निवडक ओळी इंग्रजीत करून वरिष्ठांस अहवाल पाठवीत. मूळ पत्रे बहुतांशी नाहीशी झाली. उरले ते अहवाल. मराठी सैनिकाचा शब्द आज हाती लागला, तर बहुधा असा परभाषेत, पाळत ठेवणाऱ्याच्या हस्ताक्षरात.

इटलीच्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक होते. त्यांपैकी ५,७८२ परतले नाहीत. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले. तरीही आमच्या वाचनात आलेल्या मराठी कादंबरीत हा प्रदेश जवळपास नाहीच. कारण उघड आहे आणि ते अवघडही आहे. याच कुलाबा जिल्ह्यातील माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ब्रिटिश सरकारच्या पोलिसांकडून मारले गेले, आणि त्याच सरकारच्या गणवेशात घाडगे दीड वर्षाने टायबरकाठी पडले. स्वातंत्र्यलढ्याच्या कथनात पहिल्यास जागा सहज मिळाली. दुसऱ्याचे काय करावे हे आपल्याला कळले नाही. ‘पोटासाठी गेलेले’ म्हणून आपण विषय मिटवला. जणू पोट ही इतिहासाबाहेरची बाब आहे! फॅसिझमविरुद्धच्या लढ्यातील वीर म्हणून त्यांस उचलून धरणेही आम्हांस तितकेच सोयीस्कर वाटते. त्यांनी स्वतः काय मानले, हे त्या उत्साहातही कोणी विचारीत नाही.

मोन्तोनेकरांपुढे ही अडचण नव्हती. मोलाने लढणाऱ्याचा अभिमान बाळगण्याची त्यांस सहा शतकांची सवय.

माणगावच्या तहसील कचेरीपाशी घाडग्यांचा पुतळा आहे. दाखले आणि सातबाऱ्याचे उतारे काढावयास आलेली तालुक्यातील माणसे त्याच्यासमोरून ये-जा करतात.