पाठीवरचे बिऱ्हाड : नाशिकच्या वाटांवरील चूल आणि अंथरुणाचा इतिहास

१/ सह्याद्रीत पहिल्यांदा मुक्कामी जाणारा प्रत्येक जण दोन प्रश्न विचारतो. झोपायला काय न्यावे? आणि शिजवायचे कशात, कशावर? हे प्रश्न आजच्या दुकानांहून फार जुने आहेत. नाशिकच्या परिसरात तर त्यांचे एक उत्तर दगडावर कोरलेले आहे. आजचा धागा त्या उत्तरांचा आहे. कोणत्या वस्तूवर जीव सोपवावा, हे माणसाने कसे ठरवले, त्याचा.

२/ आरंभ नाशिकपासून दूर, मगधात करू. विनयपिटकातील महावग्गात एक कथा आहे. राजगृहाहून वैशालीकडे जाताना बुद्धांना काही भिक्षू दिसले. कोणाच्या डोक्यावर चीवरांचे गाठोडे, कोणाच्या खांद्यावर, कोणाच्या कमरेला. त्याग करून निघालेली माणसे वस्त्रांच्या ओझ्याखाली वाकून चालली होती. याला मर्यादा घालायला हवी, असे बुद्धांच्या मनात आले.

३/ मर्यादा किती, हे त्यांनी बसल्या जागी ठरवले नाही. माघातील कडाक्याच्या रात्री ते एक चीवर पांघरून उघड्यावर बसले. पहिला प्रहर सरला तशी थंडी वाजू लागली. दुसरे वस्त्र घेतले. मधला प्रहर सरला, तिसरे घेतले. पहाटे पुन्हा थंडी जाणवली, तेव्हा चौथे. चार पदरांत रात्र निभावली. अंथरूण-पांघरुणाच्या प्रत्यक्ष परीक्षेची इतकी तपशीलवार नोंद प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

४/ त्यातून नियम झाला तो तीन चीवरांचा : दुपदरी संघाटी, एकेरी उत्तरासंग आणि एकेरी अंतरवासक. दोन अधिक एक अधिक एक, म्हणजे नेमके चार पदर. दिवसा अंगावर जे वस्त्र, तेच रात्री पांघरूण. एका जाड वस्त्राऐवजी पातळ पदर, आणि थंडीप्रमाणे एकेक वाढवायचा. आजचे गिर्यारोहकही हेच तत्त्व शिकवतात.

५/ भांड्यांविषयीही विनयपिटक काटेकोर आहे. भिक्षापात्र लोखंडाचे किंवा मातीचे. सोने, चांदी, रत्ने, काच, लाकूड हे सारे वर्ज्य. पात्र फुटू नये म्हणून त्याला पिशवी आणि पिशवीला खांद्यावर अडकवायचा पट्टा. पाणी गाळण्यासाठी गाळणे बरोबर हवेच. प्रवासात ते नसले, तर काही तरी वस्त्र गाळण्यासाठी वापरावे. पात्र, गाळणे आणि पांघरूण ही प्रवाशाची शिबंदी इतकीच.

६/ आता नाशिकला येऊ. शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. तेथील दहाव्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणे संघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कधीही न मोडायची ठेव, ठेवली. ती ठेवली कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे.

७/ त्यातील २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब कार्षापणाच्या फरकाविना जुळतो! उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने.

८/ हा निव्वळ दानधर्म समजू नये. नाशिकचा पाऊस ज्याने अनुभवला आहे, त्याला वस्त्राचे मोल सांगायला नको. पांघरूण जुने होते, विरते, कुजते. ते दरवर्षी नवे मिळण्याची व्यवस्था उषवदाताने लावली. वस्तू भरवशाची असणे वेगळे आणि ती खराब झाल्यावर दुसरी मिळण्याचा भरवसा असणे वेगळे. त्याने दुसऱ्याची सोय केली.

९/ याच लेण्यातील लेख आणखी एक गोष्ट सांगतो. उषवदाताने भरुकच्छ (भडोच), दशपूर (मंदसोर), गोवर्धन (नाशिकजवळ) आणि शूर्पारक (नालासोपारा) येथे प्रवाशांसाठी निवारे बांधले. पारदा, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया उभारल्या. वाटेवर छप्पर आणि पाणी असेल, तर पाठीवर तंबू आणि घडा लागत नाही. प्रवाशाचे ओझे त्याच्या पिशवीत ठरत नसे, ते वाटेवर ठरे.

१०/ सतराव्या शतकात याचे दुसरे टोक दिसते. १६६४ च्या अखेरीस फ्रेंच वैद्य बर्निए औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. आपल्या सामानाची यादी त्याने पत्रात दिली आहे : एक मध्यम आकाराचा तंबू, चार मजबूत पण हलक्या वेतांची खाट, एक उशी, दोन पांघरुणे (त्यांतले एक चौघडी करून गादी म्हणून), जेवायला चामड्याचे दस्तरखान, स्वयंपाकाची थोडी भांडी, तांदूळ, लिंबे, साखर आणि दह्याचे पाणी निथळायला कापडी पिशवी.

११/ हे सारे वाहायला अर्थातच उंट होता. खुद्द बादशहाचे तर तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा. त्या आगाऊ संचाला पेशखाना म्हणत. सोय उत्तम, पण चाल मंद. सैन्य म्हणजे फिरते शहर झाले की ते शहराच्या वेगानेच चालते.

१२/ याच्या उलट चित्र नाशिक जिल्ह्यातलेच आहे. ऑक्टोबर १६७० च्या आरंभी शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि लूट घेऊन फौज बागलाणातून परतीला लागली. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाशी लढाई झाली आणि मराठ्यांनी ती जिंकली. लूट सांभाळत, घाट ओलांडत, पंधरा दिवसांच्या आत. सभासद बखरीतील लष्कराचे नियम पाहिले तर यामागची शिस्त कळते. फौजेबरोबर बायका, बटकी, कलावंतिणी नकोत. आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्याचे चार महिने छावणी.

१३/ छावणीत चुलीचा प्रश्न किती गंभीर, हे महाराजांच्याच एका पत्रात दिसते. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळील दळवटण्याच्या लष्करातील अधिकाऱ्यांना ते लिहिले आहे. त्याचा आशय असा. कोणी स्वयंपाक करताना, कोणी तंबाखू ओढताना, कोणी भलत्या जागी चूल पेटवून निष्काळजीपणा करील. वारा सुटेल, एका खणाला आग लागून सगळी छावणी, गवताच्या गंजी आणि घोडी जळतील. रात्री दिवा जळता ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत त्यांची नजर गेली आहे.

१४/ शत्रूशी लढणारा राजा उंदराच्या तोंडातील वातीची चिंता करतो, यात गमतीचे काही नाही. कोकणातला पावसाळा तोंडावर आणि वैरण जळालेली, म्हणजे घोडदळ संपले. भरवशाची चूल म्हणजे लवकर पेटणारी चूल नव्हे. योग्य जागी पेटणारी आणि हवी तेव्हा पूर्ण विझणारी, तीच भरवशाची.

१५/ आता आपल्या घरच्या वस्तूंकडे वळू. डोंगरातल्या माणसाचे अंथरूण, पांघरूण आणि रेनकोट हे तिन्ही एकाच वस्तूत होते : घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, सणगरांचा माग आणि चिंचोक्याच्या खळीने आलेला ताठपणा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. भिजली तरी ऊब पुरती सोडत नाही. सुती वाकळ कोरडी असताना मऊ आणि उबदार, पण भिजली की निरुपयोगी. म्हणून मेंढपाळाने पावसात घोंगडीची खोळ केली आणि वाकळ घरी ठेवली.

१६/ भांड्यांची गोष्ट नाशिककरांच्या आणखी जवळची. हे शहर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध. तांबे उष्णता झटकन सर्वत्र पोहोचवते, पण आंबट पदार्थ त्यात कळकतो. म्हणून आतून कल्हई. ही कल्हई कथिलाची आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. रिकामे भांडे जाळावर राहिले की कल्हई गेलीच. घरी कल्हईवाला दारावर येई. डोंगरात तो कुठून येणार? दुरुस्तीसाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेली वस्तू दूरच्या वाटेवर नेताना पूर्वजही दोनदा विचार करीत.

१७/ १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी स्वतंत्रपणे अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत शोधली. हा धातू तांब्याच्या साधारण एक तृतीयांश वजनाचा आणि त्याला कल्हई नको. आपल्या आज्या ज्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत, ते हेच. १८९२ मध्ये स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्टने वातीविना, दाबाने रॉकेलची वाफ करून जाळणारा प्रायमस स्टोव्ह केला. निळी ज्योत, काजळी जवळपास नाही. आपल्या घरी तो ‘स्टो’ झाला आणि त्याची पिन हरवली की सारे घर धुंडाळले जाई!

१८/ या स्टोव्हने ध्रुवही पाहिला. पण इतिहासाचा कठोर धडा स्टोव्हचा नाही, डब्याचा आहे. १९११-१२ मध्ये आमुंडसेन आणि स्कॉट हे दोघेही दक्षिण ध्रुवावर पोहोचले. आमुंडसेनने रॉकेलच्या डब्यांचे सांधे पक्के डाख देऊन बंद केले होते. स्कॉटच्या डब्यांच्या बुचांना चामड्याच्या चकत्या होत्या. थंडीत त्या निकामी झाल्या आणि साठ्यातले रॉकेल उडून गेले. तिथे इंधन नाही म्हणजे बर्फ वितळवता येत नाही, म्हणजे पाणीही नाही. स्कॉट आणि त्याचे सोबती परतीच्या वाटेवर संपले, पुढच्या मोठ्या साठ्यापासून अवघ्या १८ किलोमीटरवर. कारणे अनेक होती. पण त्यांत एक चामड्याची चकतीही होती.

१९/ उषवदाताची रीत मात्र आपल्याकडे अजून जिवंत आहे. ज्येष्ठात संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालते. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका आणि गळ्यात टाळ. त्याची वळकटी दिंडीच्या वाहनात, त्याचा शिधा दिंडीच्या सामायिक चुलीवर आणि वाटेवरची गावे पंगतीला उभी. एकट्याने वाहायचे ओझे समाजाने वाटून घेतले की सत्तरीची आजीही पंढरपूर गाठते.

२०/ मग आपण काय निवडावे? इतिहासातून मला चार कसोट्या दिसतात. भिजल्यावर ती वस्तू काय करते, हे पाहा (घोंगडी). निघण्यापूर्वी एक रात्र तिच्यात काढा, गच्चीवर का होईना (महावग्ग). तिचा सर्वांत लहान भाग, म्हणजे पिन, चकती, झाकण, बिघडला तर काय, हे आधी ठरवा (स्कॉट). आणि वाटेवर काय मिळेल याची खात्री करा, मगच ओझे कमी करा (उषवदात). किंमत आणि कंपनी या चौघींच्या नंतर.

२१/ पाचवी कसोटी दळवटण्याच्या पत्रातली. साल्हेर, हरिहर, अंकाई, धोडप या आपल्या गडांवरचे गवत दिवाळीनंतर वाळून कोळ होते. तिथे चूल कुठे मांडली आणि पूर्ण विझवली का, हे पाहणे हा शिष्टाचार नाही, जबाबदारी आहे. आणि लेण्यात तर चूल नकोच. ज्या भिंतींवर वीस भिक्षूंच्या पांघरुणाचा हिशेब १९०० वर्षे टिकला, त्या आपल्या एका रात्रीच्या खिचडीने काजळू नयेत.

२२/ आपल्या घरात आजोबांची घोंगडी, कल्हईचे पातेले, पितळी स्टो किंवा फिरकीचा तांब्या अजून असेल, तर त्याचे छायाचित्र आणि कथा या धाग्याखाली अवश्य लिहा. तो कोणत्या यात्रेला गेला होता, कोणी वाहिला, कुठे दगा दिला आणि कुठे तारले? अशा नोंदी ग्रंथांत सापडत नाहीत. त्या माळ्यावर असतात.

#धागा #नाशिक #इतिहास