उबेसाठी सोडलेलं पाणी

दक्षिण इंग्लंडमध्ये एव्हन, नॅडर, इचेन, फ्रोम या नद्यांच्या काठी हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात कुरणं बघावीत. एरवी सपाट वाटणाऱ्या गवतात एकाला लागून एक बुटके, सरळ वरंबे उठून दिसतात. जुन्या नांगरटीचेही असेच उंचवटे राहतात, त्यामुळे पाहणाऱ्याची गल्लत होते. खूण वरंब्याच्या माथ्यावर शोधायची. तिथे लांबवर गेलेली उथळ पन्हळ दिसली, तर तिथे कधीकाळी पाणी खेळवलं जात होतं.

आपल्या सरी-वरंब्यात पाणी सरीतून जातं. इथे नेमकं उलट होतं. नदीला दारं घालून पाणी अडवायचं, मोठ्या पाटातून ते वरंब्यांच्या माथ्यावर चढवायचं आणि पन्हळ काठोकाठ भरली की दोन्ही उतारांवरून ओघळू द्यायचं. इंचभर जाडीचा थर गवताच्या मुळांमधून घसरत सरीत उतरे आणि सरी त्याला पुन्हा नदीत पोचवी. हे सांभाळणाऱ्या माणसाला ड्राउनर म्हणत. पाणी दुडक्या चालीनं यावं आणि चौखूर उधळत जावं, ही त्याची शिकवण. पाणी तुंबलं की गवत कुजलंच. फावड्यानं इथे एक ढेकूळ लाव, तिथे काठ बोटभर तास, असं करत तो अख्खं कुरण एका पातळीत राखायचा. उतार इतका अल्प की नुसत्या डोळ्याला जाणवू नये. मला या साऱ्या कथेतला खरा कारागीर तोच वाटतो.

पण बाराही महिने पाऊस पडणाऱ्या मुलखात कुरणाला पाणी द्यायचंच कशाला? ते तहानेसाठी नव्हतं, उबेसाठी होतं. या नद्या खडूच्या खडकातल्या झऱ्यांवर पोसलेल्या. झऱ्याचं पाणी ऋतू कुठलाही असो, 10-11 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. जमीन 5-6 अंशांखाली गेली की गवताची वाढ थांबते. वाहतं पाणी अंगावर असलं की थंडी मुळांपर्यंत पोचत नाही. शिवाय पाण्याबरोबर चुना आणि गाळ येतो. त्यामुळे कोरड्या रानाच्या कितीतरी आधी इथे हिरवा चारा तयार व्हायचा.

मार्च-एप्रिलात गंजी संपत आलेल्या, नवं गवत उगवलेलं नाही, आणि मेंढ्या कोकरांना पाजताहेत. त्या अडचणीच्या दिवसांत हा चारा हाती यायचा. दिवसभर मेंढ्या कुरणात चरायच्या. रात्री त्यांना टेकडीवरच्या शेतात हेझलच्या कामट्यांच्या ताट्यांमध्ये कोंडायचे. लेंडीखत थेट गव्हा-बार्लीच्या जमिनीत पडे. चारा वाढला म्हणजे मेंढ्या वाढल्या, मेंढ्या वाढल्या म्हणजे धान्य वाढलं. इतका खर्च आणि एवढी मेहनत लोकांनी केली ती या धान्यासाठी. मेंढ्या निघाल्या की कुरण राखून उन्हाळ्यात वाळल्या गवताची कापणी व्हायची, मग गुरं सोडायचे.

ही युक्ती सुचली कशी, याची एक सुरेख हकिकत हेरफर्डशरच्या गोल्डन व्हॅलीतल्या रोलंड व्हॉन यानं लिहून ठेवली आहे. मार्च महिन्यात त्याला आपल्या कुरणात ओढ्याकाठी चिचुंदरीसारख्या मोल नावाच्या प्राण्यानं उकरलेला मातीचा ढीग दिसला. त्या बिळातून पाण्याची बारीक धार निघून उतारावर पसरत होती, आणि ती गेली तेवढ्याच पट्ट्यात गवत हिरवंगार होतं. व्हॉननं मोठे चर खणून सगळ्या कुरणांवर पाणी फिरवलं आणि 1610 साली त्यावर पुस्तक छापलं. तरी त्याला या विद्येचा एकमेव जनक म्हणायला मी तयार नाही. इटलीत मिलानजवळच्या कियारावाले मठाच्या परिसरात त्याच्या शेकडो वर्षं आधीपासून झऱ्यांचं पाणी हिवाळी कुरणांवर खेळत होतं. माथ्यावर पन्हळ असलेली रचना इंग्लंडमध्ये रुजली ती खडूच्या खोऱ्यांत. डॉर्सेटमधल्या पडलटाउनच्या गावसभेत 1629 साली याची बोलणी झाल्याची नोंद आहे. पाट एकाच्या जमिनीतून जाणार आणि दुसऱ्याचं कुरण भिजवणार, तेव्हा गावकीशिवाय हे जमणारंच नव्हतं.

मोडलं ते पैशाच्या हिशोबानं. एकोणिसाव्या शतकात बाहेरून ग्वानो, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत, आला, पुढे कारखानी खतं आली, आणि शेतात मेंढ्या बसवायची निकड सरली. 1870 नंतरच्या मंदीत धान्याचा भाव कोसळला, मजुरी परवडेनाशी झाली. ड्राउनर गेला तशा पन्हळी बुजत गेल्या. विसाव्या शतकात कित्येक कुरणं नांगरली गेली. उरलेल्या ठिकाणी गायी चरतात आणि मधेच विटांची, दारं नसलेली एखादी मोरी उभी दिसते. सॉल्झबरीजवळच्या हार्नममध्ये मात्र एक न्यास ही कुरणं सांभाळतो आणि तिथे अजून पाणी सोडलं जातं.

2023 साली युनेस्कोनं पारंपरिक पाटसिंचनाची विद्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ऑस्ट्रिया, बेल्जियम, जर्मनी, इटली, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड या सात देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता. ब्रिटन त्यांत नव्हता. ही यादी ज्या अमूर्त वारशाच्या करारातून आली, त्यावर त्यानं मान्यतेची मोहोर उठवली ती पुढल्या वर्षी. आता हार्नमच्या कुरणांचं नाव त्या यादीत जोडून घ्यायला हवं, आणि ते फावडं धरणारे हात तिथे आहेत तोवरच.