देवळालीचे स्त्रीपार्टी शिपाई

देवळालीतल्या गोऱ्या सोजिरांच्या नाचगाण्यांचा विषय निघाला की इंग्रज माणूस बीबीसीच्या 'इट एन्ट हाफ हॉट मम'कडे बोट दाखवतो. १९७४ ते १९८१, एकूण ५६ भाग. पुरावा म्हणून ही मालिका जपूनच वापरावी लागते. चित्रण सगळं इंग्लंडात झालेलं आणि रंगी राम हा हिंदी बेअरर मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून उभा केलेला. तेव्हा नाशिकजवळच्या या छावणीची हवा आणि माणसं तिच्यात शोधू नयेत.

तरी ती सरसकट बादही करता येत नाही. सहलेखक जिमी पेरी महायुद्धाच्या अखेरीस तोफखान्यातून मुंबईला आला, बॉम्बार्डियरचा सार्जंट झाला आणि देवळालीतल्या तोफखान्याच्या 'कॉन्सर्ट पार्टी'त आघाडीवर राहिला. ही मंडळी 'एन्सा'ची नव्हे. बेझिल डीन यांनी १९३९मध्ये उभारलेली 'एन्सा' धंदेवाईक नट पाठवी. कॉन्सर्ट पार्टीत पलटणीतलेच शिपाई गात, नकला करत, फ्रॉक घालून नाचत. मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' या मराठी नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या त्या १९३३ साली. आपल्याकडचे स्त्रीपार्ट ओसरत असताना देवळालीत ते जोरात होते! फरक एवढाच, की आपला प्रेक्षक त्या रूपावर लुब्ध होई, बराकीतला हसे.

आता काळ लावून पाहू. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाचं 'ओल्ड सोल्जर साहिब' हे पुस्तक १९३६चं. मुदत संपलेले सैनिक बोटीची वाट पाहत देवळालीत महिनोन्महिने कसे कुजत, हे त्यात आहे. जहाजांचा हंगाम हुकला की पुढच्या हंगामापर्यंत मुक्काम. पेरीच्या वेळीही वाट पाहणं होतंच: ऑगस्ट १९४५मध्ये जपान शरण आला, तरी घरी जाण्याचा क्रम वय आणि नोकरीच्या वर्षांवर ठरे. जानेवारी १९४६मध्ये या दिरंगाईवरूनच कराचीत ब्रिटिश हवाईदलातल्या जवानांनी संप केला आणि तो इतर तळांवर पसरला.

मालिकेतला सार्जंट मेजर आपल्या नट-शिपायांना सारखा जंगलात लढायला धाडू पाहतो. विनोदाला हे सोयीचं आहे. पण पेरीच्या देवळालीतल्या प्रेक्षकाला, माझ्या मते, जपान्यांपेक्षा बोटीच्या यादीचा घोर अधिक असावा.